टांगा मिळाला, पण हाकणार कोण?

आपल्या आजोबांच्या घरात कधीच उभा राहिला नसता असा एक प्रश्न आज पालघर-बोईसरच्या एखाद्या बौद्ध घरात उभा राहू शकतो. समजा, मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला आहे. तीन-चार वर्षे नोकरी झाली, महिन्याला तीस हजार रुपये हाती पडू लागले, आणि एक दिवस तो म्हणतो, मला गाडी घ्यायची आहे. गाडीही साधी नव्हे, स्पोर्ट्स कार. नवी घेण्याची ऐपत नाही म्हणून जुनी. आणि जुन्यातही जी परवडते ती १ लाख २० हजार किलोमीटर धावलेली. पृथ्वीला तीन फेरे घालावेत एवढे हे अंतर झाले. वडील म्हणतात, हा वेडेपणा आहे. मुलगा म्हणतो, माझ्या कष्टाचा पैसा आहे. घरात दोन तट पडतात. अशा वेळी काय करावे?

धम्माच्या पाक्षिकात असल्या प्रश्नाला जागा कशाला, असे कोणी विचारील. परंतु माणसाची नीती विहारात बसल्यावर जेवढी कळते, त्याहून अधिक ती त्याच्या खर्चाच्या वहीत कळते. तो कर्ज कशासाठी काढतो, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवतो, आपल्या हौसेची किंमत कोणाला भरायला लावतो, हे सर्व प्रश्न या एका खरेदीत एकत्र येतात. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू या.

प्रथम मुलाची बाजू ऐकली पाहिजे. ती ऐकून न घेता आपण उपदेशाला सुरुवात करतो, आणि मग तरुण आपल्याकडे पाठ फिरवतो.

वाहन ही आपल्या समाजात निव्वळ सोयीची वस्तू कधीच नव्हती. १९०१ साली लहानगा भीम भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. बैलगाड्या उभ्या होत्या, दुप्पट भाडे द्यायची तयारीही होती. तरी महारांच्या मुलांची गाडी हाकायला गाडीवान तयार झाला नाही. शेवटी मुलांनीच कासरा हाती धरला. आजही देशाच्या काही भागांत दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या येतात. ज्यांच्या पूर्वजांना गावातून वाहनावर बसून जाण्याची चोरी होती, त्यांच्या मुलाला चकचकीत, वेगवान गाडीची ओढ लागली तर तिला एकदम हाव म्हणणे हा अन्याय होईल. त्या ओढीत इतिहासाचा एक घाव आहे.

शिवाय भगवान बुद्धांनी गृहस्थाला सुख वर्ज्य केलेले नाही. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: धन असण्याचे सुख, ते धन भोगण्याचे सुख, कोणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष वर्तनाचे सुख. यातले दुसरे सुख उघड उघड उपभोगाचे आहे. तेव्हा ‘बौद्ध माणसाला असली गाडी शोभत नाही’ असे जो म्हणतो, तो आपले मत धम्माच्या नावावर खपवतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला भोग आलाच नाही, त्यांना त्यागाचे धडे देणे फार सोपे असते.

एवढे मान्य केल्यावर आता दुसरी बाजू पाहू. तीही बाबासाहेबांच्याच आयुष्यातील आहे.

१९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. या दौऱ्यात ते खानदेशात चाळीसगावला आले. तिथल्या महारवाड्यातील मंडळींनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह धरला आणि त्यांनी तो मानला. स्टेशनवर हार घालून स्वागत झाले. महारवाडा दोनेक मैलांवर, चालत जाण्याजोगा. तरीही तासभर कोणी हलेना. नंतर एक टांगा आला. बाबासाहेब त्यात बसले आणि मंडळी आडवाटेने पायी पुढे गेली. शे-दोनशे पावलांतच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या पुलावर घोडा आणि टांगा दोन्ही खाली गेले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले आणि कित्येक दिवस त्यांना हालचाल करता आली नाही.

मागाहून खरी हकीकत कळली. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. आणि आपला पुढारी पायी यावा हे महारवाड्यातील लोकांना सहन होईना. मग तडजोड निघाली: टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. हाकण्याचे काम त्यांच्यापैकी कोणीच कधी केलेले नव्हते. त्यात काय मोठे, असे समजून एकाने लगाम धरला आणि वाटेत त्याचा धीर सुटला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला आहे. आपल्या माणसांच्या प्रेमाबद्दल त्यांना शंका नव्हती. पण उतारूच्या मानापेक्षा त्याचा जीव मोलाचा असतो, याचा त्यांना विसर पडला, हे सांगायलाही ते कचरले नाहीत.

वाचकहो, या प्रसंगात मूळ अपराध टांगेवाल्यांचा, म्हणजे जातीचा आहे. तो कधीही पुसता येणार नाही. परंतु आपल्याला शिकण्यासारखी गोष्ट महारवाड्याच्या त्या तडजोडीत आहे. मान मिळवण्याच्या घाईत त्यांनी वाहन मिळवले आणि हाकणाऱ्याचा विचार मागे ठेवला. आज परिस्थिती उलटी झाल्यासारखी दिसते. गाडी द्यायला कोणी नकार देत नाही. जुन्या गाडीचा दलाल दारात येतो, कर्ज देणारी कंपनी फोनवर फोन करते. टांगा आता सहज मिळतो. हाकणारा कोण, हा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. हाकणे म्हणजे नुसते स्टिअरिंग धरणे नव्हे. गाडीचा सांभाळ, तिचा खर्च, तिची कागदपत्रे आणि तिच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला पोचणारा धोका, हे सगळे पेलणे म्हणजे हाकणे.

तेव्हा या गाडीत आपण काय हाकायला घेत आहोत, ते नीट पाहू. खरी दोन आसनी स्पोर्ट्स कार आपल्याकडे दुर्मिळच. गोव्यात १९९८ साली सॅन स्टॉर्म नावाची तशी एक छोटी गाडी बनू लागली होती. तिचे उत्पादन केव्हाच थांबले, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांना सुट्या भागांसाठी वणवण करावी लागते. आपल्या तरुणांच्या नजरेत असते ती बहुधा चाकणला बनलेली, टर्बो इंजिनाची पोलो जीटी किंवा तिच्या जातीची दुसरी गाडी. २०१३ साली ती बाजारात आली आणि २०२२ साली पोलोचे उत्पादन भारतात बंद झाले. गाडी चांगली असेलही. पण लाख किलोमीटर ओलांडल्यावर कोणत्याही वेगवान गाडीचे काही भाग झिजतात: टर्बो, क्लच, शॉक अॅब्सॉर्बर, चाकांवरचे रबरी बुश. दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स एकदा उघडायची वेळ आली तर खर्च लाखाच्या आसपास जाऊ शकतो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. त्यात आपल्याकडची खारी हवा. तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्याजवळ उभी राहणारी गाडी वरून चमकते आणि खालून गंजते. जमिनीला टेकलेली बुटकी गाडी बोईसर-चिल्हार रस्त्यावर टँकरच्या मागे खड्डे चुकवीत कशी चालेल, याचाही विचार करावा.

आता हिशोब. समजा, गाडी चार लाखांची आहे. एक लाख रोख भरले आणि तीन लाख कर्ज काढले. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त पडते. ते १४ टक्के आणि मुदत चार वर्षे धरली, तर हप्ता सुमारे ८,२०० रुपये होतो. चार वर्षांत तीन लाखांचे ३ लाख ९३ हजार द्यावे लागतात. महिन्याला ६०० किलोमीटर फिरले आणि गाडीने लिटरला १२ किलोमीटर दिले, तर ५० लिटर पेट्रोल. लिटरला १०४ रुपये धरले तरी ५,२०० रुपये. विमा आणि दुरुस्तीसाठी महिना ३,००० बाजूला काढलेच पाहिजेत. एकूण १६,४०० रुपये. तीस हजारांतले निम्म्याहून अधिक एकट्या गाडीने खाल्ले. उरलेल्यात घरभाडे, किराणा, आईचे औषध, बहिणीची फी, आणि ठेकेदाराकडची नोकरी गेली तर पुढचे दोन महिने.

सिगाल सुत्तात भगवंतांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा संकटकाळासाठी. आजच्या ठेक्यावरच्या पगारात ही वाटणी तंतोतंत जमेलच असे नाही. परंतु तिच्यातला क्रम मात्र मोलाचा आहे. उपभोग हा एक भाग आहे. तो दुसऱ्या भागांच्या घरात घुसला की सुख राहत नाही, ओझे होते. वर सांगितलेल्या हिशोबात दुसऱ्या सुखासाठी तिसरे सुख, म्हणजे ऋणमुक्तीचे सुख, चार वर्षांसाठी गहाण पडते. कंपनीत अंगावर येणाऱ्या साहेबाला ‘हे काम धोक्याचे आहे, मी करणार नाही’ असे सांगण्याची ताकद कर्ज नसलेल्या कामगाराला अधिक असते. रसायनांच्या कारखान्यांच्या या पट्ट्यात ती ताकद गाडीपेक्षा अधिक मोलाची आहे, हे तारापूरच्या कामगाराला वेगळे सांगायला नको.

पुढचा मुद्दा सत्याचा. जुन्या गाडीच्या बाजारात खोटे कसे बोलले जाते ते समजून घ्या. किलोमीटर दाखवणारा काटा मागे फिरवता येतो. आकडे विजेवर चालत असले तरी ते बदलता येतात. म्हणून आकड्यावर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसिंगची पुस्तिका मागा, तारखा आणि किलोमीटर जुळवा. पायाखालच्या पेडलचे रबर किती झिजले आहे ते पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली जाते; गालिचा उचलून चिखलाचा वास येतो का, सीटखालचे लोखंड गंजले आहे का, ते पाहा. चासी आणि इंजिनाचे नंबर नोंदणीपुस्तकाशी स्वतः ताडून घ्या. आणि आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर न्या. विकणाऱ्याने आणलेला मिस्त्री विकणाऱ्याचाच असतो.

‘अहो, आपल्यातलाच माणूस आहे, तो फसवील काय?’ असे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. कालामांना भगवंतांनी काय शिकवले ते आठवा. केवळ सांगोवांगी आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका, तपासून पाहा. जी कसोटी धर्माला लावायला सांगितली, ती गाडीला लावताना संकोच कसला?

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. तो नीतीचाच भाग आहे. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला लागतो. तलासरीपलीकडे गुजरात आणि दमण जवळ, म्हणून तिकडची गाडी स्वस्त मिळाली, तर तिथल्या कार्यालयाचा दाखला आणि इथला कर हे दोन्ही आलेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. दहा-बारा वर्षांची गाडी घेताना पुढे किती वर्षे उरली ते मोजा. ‘नाव नंतर बदलू’ असे तर कधीच म्हणू नका. नाव न बदलता हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या अपघाताचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१८ साली न्यायालयाने ठरवले की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, कायद्याच्या दृष्टीने तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. घेणाऱ्याने नाव लावले नाही, तर त्याच्या चुकीचा दंड एखाद्या तिसऱ्याच माणसाच्या घरावर जातो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. वेगवान गाडी वेगासाठीच घेतली जाते. ताशी ४० ऐवजी ८० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते. हा निसर्गाचा नियम आहे, तो जात पाहत नाही आणि श्रीमंतीही पाहत नाही. आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी मर्सिडीज होती. मागच्या आसनावरील ज्या दोघांचा जीव गेला त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे एका अल्पवयीन मुलाच्या हातातील पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यांनी ना ती गाडी घेतली होती, ना तिच्या वेगाची हौस केली होती.

प्राणिमात्राची हिंसा न करण्याचे शील आपण रोज म्हणतो. मनोरला जाताना वाघोबा खिंडीच्या वळणावर डोक्यावर मोळी घेतलेली आदिवासी बाई रस्त्याच्या कडेने चालत असते; रात्रपाळी सुटलेला कामगार बिनदिव्याच्या सायकलवर बोईसरकडे येत असतो. आपल्या गाडीचे झिजलेले ब्रेक पैसे नाहीत म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलले, तर ते शील त्या बाईच्या आणि त्या कामगाराच्या जिवावर ढकलले जाते. हप्ता भरल्यावर ब्रेक, टायर आणि विम्याला पैसे उरत नसतील, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही. दिसायला ती कितीही आपली वाटो.

मग घ्यावी की न घ्यावी? माझे उत्तर असे आहे. तरुण मित्रा, आधी वर्षभर हप्ता स्वतःलाच भर. दर महिन्याला ८,२०० रुपये पोस्टात किंवा बँकेत वेगळ्या खात्यात टाक आणि त्यांना हात लावू नकोस. वर्षाअखेर ९८,४०० रुपये जमतील. त्या वर्षात घराची काही ओढाताण झाली का, ते आईला विचार. त्याच वर्षात गाडी नीट चालवायला शीक. घाटात, पावसात, रात्री. वर्ष संपल्यावर तीच ओढ मनात शिल्लक असेल, घर सुखात असेल आणि दुरुस्तीचे पैसे हाताशी असतील, तर तपासून, नाव लावून, कर्ज कमीत कमी ठेवून गाडी घे, आणि ती आनंदाने चालव. कोणाच्या टोमण्याची पर्वा करू नकोस. परंतु सहाव्या महिन्यातच तुझे मन दुसऱ्या गाडीवर किंवा दुसऱ्या कशावर गेले, तर समज की ओढ गाडीची नव्हती, शेजाऱ्याच्या डोळ्यांची होती. त्या डोळ्यांसाठी चार वर्षे गहाण टाकू नकोस.

आई-वडिलांनो, तुम्हालाही एक विनंती आहे. मुलाने गाडीचे नाव काढताच त्याला उधळ्या म्हणू नका. त्याच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि वरचा हिशोब तुमच्या घरातील आकड्यांनी मांडा. मनाई केलेली गोष्ट तरुण लपून करतो. पटलेली गोष्ट तो स्वतःहून सोडतो किंवा नीट करतो.

आणि ज्यांच्या घरात अशी गाडी आधीच आहे व ती विकायची आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे: घेणाऱ्याला गाडीचा अपघात, बदललेले भाग आणि खरे किलोमीटर न विचारता सांगा. दहा-वीस हजार कमी मिळतील. भगवंतांनी सांगितलेल्या चार सुखांत चौथे निर्दोष वर्तनाचे आहे, आणि आधीची तीन सुखे त्याच्या सोळाव्या हिश्शालाही पोचत नाहीत, असे त्यांनी त्या गृहस्थाला सांगितले होते.

चाळीसगावचा महारवाडा स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. बाबासाहेब पायी गेले असते तरी त्यांचा मान तसूभरही कमी झाला नसता, कारण तो टांग्यात नव्हता. आपल्या मुलांचाही मान गाडीत नाही. तो त्यांच्या शिक्षणात आहे, कामातल्या कसबात आहे, दिलेल्या शब्दात आहे. हे ज्याला उमगले त्याने गाडी घेतली तरी ती त्याला शोभेल, आणि न घेता तो बोईसर स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाने गेला तरी त्याचे काही कमी होणार नाही.